वेगवान फायबर जोडणीआधी घरातील नेटवर्कची तयारी

फायबर ब्रॉडबँडची योजना वाढवून घेतली तरी वाढलेला वेग घरातल्या प्रत्येक उपकरणापर्यंत आपोआप पोहोचत नाही. कंपनीच्या केंद्रापासून हातातल्या मोबाइलपर्यंतच्या वाटेत इमारतीतली केबल, घरातला ओएनटी म्हणजे फायबर जोडला जाणारा डबा, राउटर, तांब्याची लॅन केबल, वायफाय आणि शेवटी ते उपकरण असे टप्पे असतात, आणि यांतला जो सर्वांत मंद त्याच्याच वेगाने काम चालते. ५० किंवा १०० एमबीपीएसच्या जोडणीत हे लक्षात येत नाही, कारण दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे सामानही तेवढा वेग पेलते. ३००, ५०० किंवा १००० एमबीपीएस घेतले की जुन्या उणिवा उघड्या पडतात. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला खर्च महागड्या राउटरवर होतो. तो क्रम चुकीचा आहे. केबल आणि राउटरची जागा आधी तपासली तर नवा राउटर पुष्कळदा लागतच नाही, आणि लागला तरी मध्यम किमतीचा पुरतो.

किती वेग खरोखर हवा, हे आधी ठरवावे. जाहिरातीतला आकडा मेगाबिटमध्ये असतो. फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट असल्याने ३०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेसदतीस मेगाबाइट येतात. ही फसवणूक नाही, एकक वेगळे आहे. फोर-के चित्रपटाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात, चांगल्या व्हिडिओ कॉलला त्याहून बरेच कमी. त्यामुळे चार माणसांच्या घरात एकाच वेळी दोन पडदे आणि दोन कॉल चालू असले तरी १०० एमबीपीएस पुरेसे ठरते. मोठा वेग उपयोगी पडतो तो अवजड फायली सतत ये-जा करणाऱ्या घरांत. ५० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर उतरायला एक तासाहून अधिक वेळ लागतो, ५०० एमबीपीएसवर तेच काम तेरा-चौदा मिनिटांत होते. व्हिडिओ संपादन, छायाचित्रांचा क्लाउडमधला साठा किंवा घराबाहेर चित्रण पाठवणारे कॅमेरे असतील, तर वर पाठवण्याचा म्हणजे अपलोडचा वेग अधिक महत्त्वाचा असतो. काही योजनांत तो डाउनलोडइतकाच असतो, काहींत बराच कमी. योजना निवडताना हा दुसरा आकडा मुद्दाम विचारून घ्यावा.

फायबर कुठपर्यंत आले आहे?

‘फायबर’ या नावाखाली दोन वेगळ्या रचना विकल्या जातात. पहिल्या प्रकारात काचतंतू थेट घरात येतो आणि ओएनटी नावाच्या डब्याला जोडला जातो; हा डबा प्रकाशाच्या लहरींचे विजेच्या संकेतात रूपांतर करतो. दुसऱ्या प्रकारात फायबर इमारतीच्या गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंत येते आणि तिथून प्रत्येक घरात तांब्याची लॅन केबल सोडलेली असते. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत स्थानिक केबलचालकांनी सुरुवातीच्या काळात अशाच जोडण्या दिल्या. ओळख सोपी आहे. घरात येणारी वायर बारीक किंवा चपटी असून तिच्या टोकाला बहुधा हिरवे चौकोनी कनेक्टर असेल तर ते फायबर. आठ पितळी पट्ट्यांचे पारदर्शक टोक थेट राउटरमध्ये गेले असेल तर ती तांब्याची केबल.

दुसऱ्या प्रकारात इमारतीच्या पेटीतला स्विच १०० एमबीपीएसचा असेल तर मोठ्या योजनेचे पैसे वाया जातात. शिवाय तांब्याची केबल गच्चीवरून उघड्यावर येत असेल तर पावसाळ्यात वीज कडाडताना तिच्यातून उच्च दाबाचा झटका येऊन राउटर आणि त्याला जोडलेला संगणक जळू शकतो. काचतंतूत हा धोका नसतो. म्हणून अशा घरांनी योजना वाढवण्याआधी फायबर थेट घरात आणून देण्याची मागणी करावी. ते मिळत नसेल तर दुसरा सेवादार पाहावा.

थेट घरात आलेल्या फायबरमध्येही वाटणी असते. भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जीपॉन या तंत्रात केंद्राकडून येणारा एक तंतू वाटेत निष्क्रिय स्प्लिटरने फोडून साधारण ३२ किंवा ६४ घरांना दिला जातो. त्या एका तंतूवर खाली येणारी एकूण क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस आणि वर जाणारी सुमारे १.२५ जीबीपीएस असते. सगळी घरे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, त्यामुळे ही वाटणी एरवी जाणवत नाही. परंतु रात्री नऊच्या सुमारास वेग घसरत असेल तर त्याचे कारण घराबाहेर असू शकते आणि घरातले सामान बदलून ते दूर होणार नाही.

काचतंतू आणि ओएनटी

घरात येणाऱ्या तंतूचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तीव्र वाक. साध्या प्रतीचा तंतू ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवला तर प्रकाश बाहेर गळू लागतो. घरगुती वापरासाठी बनवलेले वाकसहिष्णू तंतू साडेसात मिलिमीटरपर्यंत सहन करतात, पण आपल्या भिंतीवर कोणता तंतू आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून उरलेली केबल गुंडाळून ठेवताना बांगडीपेक्षा लहान वेटोळे करू नये आणि केबल-टाय करकचून आवळू नये. दाराच्या फटीतून, सरकत्या खिडकीच्या खाचेतून किंवा सोफ्याच्या पायाखालून नेलेली केबल काही महिन्यांतच दगा देते. बाहेरून येणारी केबल भिंतीच्या छिद्रात शिरण्याआधी थोडी खाली झुकवून मग वर घ्यावी; पावसाचे पाणी त्या झोळातून गळून जाते, घरात येत नाही. छिद्र बाहेरच्या बाजूने सिलिकॉनने बुजवावे. मुंग्या आणि उंदीर यांच्यासाठीही ते बुजवलेलेच बरे.

ओएनटीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता डीबीएम या एककात मोजतात आणि ती उणे आकड्यात येते. घरगुती जीपॉन ओएनटी साधारणपणे उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत चालतो. उणे १५ ते उणे २४ च्या दरम्यानचा आकडा निर्धास्त समजावा. तंत्रज्ञाच्या हातातल्या पॉवर मीटरवर तो दिसतो, आणि अनेक ओएनटींच्या अंतर्गत पानावरही. जोडणीच्या दिवशी हा आकडा लिहून ठेवावा. तीन डीबीचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा झाला. पुढे कधी उणे २० चा उणे २६ झाला तर कुठेतरी वाक, धूळ किंवा खराब जोड आहे, हे तक्रार करताना नेमके सांगता येते. कनेक्टर उगाच काढू-घालू नये. त्याच्या टोकावर बसलेला धुळीचा कण डोळ्याला दिसत नाही, पण प्रकाश अडवतो. हिरव्या कनेक्टरचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. एकाचे टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसते, पण संकेत बिघडतो. सुटलेल्या तंतूच्या टोकाकडे कधीही डोळा लावून पाहू नये. त्यातला १४९० नॅनोमीटरचा प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे समजणे धोक्याचे.

ओएनटी कुठे बसवायचा, हा संपूर्ण तयारीतला सर्वांत मोलाचा निर्णय आहे आणि तो बहुतेक वेळा जोडणीला आलेला कामगार घाईत घेतो. केबल ज्या खिडकीतून आली तिथेच, गॅलरीच्या कोपऱ्यात किंवा चपलांच्या कपाटावर डबा ठोकला जातो, आणि निम्मे वायफाय रस्त्यावर जाते. बाहेरच्या टोकापासून घराच्या मध्यापर्यंत दहा-पंधरा मीटर फायबर वाढवायला त्या दिवशी फार तर अर्धा तास अधिक लागतो. नंतर तेच करायचे तर तंतू तोडून पुन्हा स्प्लाइसिंग करावे लागते, म्हणजे वेगळी फेरी आणि वेगळे पैसे. म्हणून माणूस येण्याआधीच जागा ठरवून, तिथे विजेचे दोन प्लग आहेत याची खात्री करून, पट्टी फिटिंग किंवा पाइप कुठून जाणार हे पाहून ठेवावे. सोसायटीत भिंतीला छिद्र पाडायला किंवा डक्टमधून केबल घ्यायला परवानगी लागत असेल तर तीही आधी काढावी.

ओएनटी जुना असेल तर तो बदलून मागण्याचा आग्रह धरावा. अनेक जुन्या ओएनटींत चार लॅन पोर्टपैकी एकच गिगाबिटचा आणि उरलेले १०० एमबीपीएसचे असतात. पोर्टशेजारी ‘जीई’ लिहिलेले असेल तर गिगाबिट, ‘एफई’ असेल तर १००. राउटरची केबल चुकीच्या पोर्टमध्ये असल्यामुळे ३०० ची योजना ९४ वर अडकल्याचे प्रकार सर्रास घडतात, आणि उपाय फक्त केबल शेजारच्या पोर्टमध्ये घालण्याचा असतो.

लॅन केबल: सर्वांत दुर्लक्षित टप्पा

वेगचाचणीत ९४ किंवा ९५ एमबीपीएस येऊन आकडा तिथेच थबकत असेल तर निदान जवळजवळ निश्चित आहे: वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा दुवा आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार तुटली किंवा टोकात नीट बसली नाही तर बहुतेक उपकरणे स्वतःहून १०० वर उतरतात आणि जोडणी चालूच राहते. म्हणून दोष वर्षानुवर्षे लपून राहतो. काही जुन्या फिटिंगमध्ये तर वायरमनने पैसे वाचवण्यासाठी एकाच केबलच्या दोन जोड्या इंटरनेटला आणि उरलेल्या टेलिफोनला किंवा दुसऱ्या खोलीला दिलेल्या आढळतात.

तपासणी घरच्या घरी होते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीडसमोर १००० लिहिलेले असले पाहिजे. राउटरच्या पानावरही प्रत्येक पोर्टचा वेग दिसतो. १०० दिसले तर आधी दोन्ही टोकांच्या छोट्या पॅच केबल बदलून पाहाव्यात, मग भिंतीतली केबल साध्या केबल टेस्टरने तपासावी. टेस्टरवरचे आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत. टोक पुन्हा क्रिंप करायचे असेल तर दोन्ही बाजूंना एकच रंगक्रम ठेवावा; भारतात प्रचलित क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. पीळ टोकाच्या अगदी जवळपर्यंत राहू द्यावा. सरळ दिसाव्यात म्हणून तारा दोन-तीन इंच उलगडल्या की गिगाबिटवर चुका वाढतात.

केबलची प्रत तिच्या अंगावर छापलेली असते. कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस सहज वाहते आणि चांगल्या प्रतीची असेल तर २.५ जीबीपीएसही. कॅट-६ सुमारे ५५ मीटरपर्यंत १० जीबीपीएस देऊ शकते, कॅट-६ए पूर्ण १०० मीटरपर्यंत. घरात एवढी अंतरे नसतातच. त्यामुळे भिंतीत आधीच कॅट-५ई असेल आणि ती धड असेल तर ती उपटून काढण्याचे काही कारण नाही. नव्याने घालायची असेल तर कॅट-६ घ्यावी. कॅट-७, कॅट-८ अशी नावे लावून विकल्या जाणाऱ्या चपट्या केबलवर पैसे घालवू नयेत. खरी सावधगिरी वेगळ्याच ठिकाणी हवी. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या अनेक केबलमध्ये ॲल्युमिनिअमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. तिचा रोध जास्त असतो, वाकवताना ती तुटते आणि केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यासाठी ती वापरू नये. दुकानात तार ब्लेडने खरवडून पाहावी. आत चंदेरी रंग निघाला तर ती केबल नाकारावी. पूर्ण तांब्याच्या केबलचे बंडल हाताला स्पष्टपणे जड लागते.

नवे घर बांधताना किंवा जुने नूतनीकरणाला काढताना लॅनची पाइपलाइन घालून ठेवणे यासारखी दुसरी स्वस्त गोष्ट नाही. भिंत उघडी असताना पाइप आणि केबलचा खर्च किरकोळ असतो. रंगकाम झाल्यावर तेच काम भिंत फोडून करावे लागते. विजेच्या तारांच्या पाइपमध्ये लॅन केबल घालू नये. तिच्यासाठी २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप, काटकोनाऐवजी मोठी वळणे आणि आत ओढतार ठेवावी, म्हणजे पुढे केबल बदलता येते. प्रत्येक खोलीची केबल ओएनटीच्या जागी एकत्र यावी. दूरदर्शन संचामागे, कामाच्या टेबलाशी आणि प्रत्येक मजल्याच्या छताखाली मध्यभागी एक टोक काढून ठेवावे; छताखालचे टोक पुढे वायफायच्या डब्यासाठी लागते. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नाही, तिथे स्कर्टिंगच्या वरून नेलेली पट्टी चालते, आणि जुन्या टेलिफोनचा रिकामा पाइप सापडला तर त्यातून केबल ओढता येते.

राउटर

राउटर बदलायचा की नाही, हे तीन गोष्टींवरून ठरवावे. त्याचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का, तो ५ गिगाहर्ट्‌झवर वायफाय देतो का आणि त्याला उत्पादकाकडून सुरक्षेची सुधारित फर्मवेअर अजून मिळते का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ३०० एमबीपीएसपर्यंत घाई नको. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. तो दोन्ही लहरपट्ट्यांची बेरीज असतो आणि कोणतेही एक उपकरण सहसा एकाच पट्ट्यावर असते. बाजारात अजूनही असे राउटर मिळतात ज्यांच्या डब्यावर १२०० लिहिलेले असते आणि मागचे सगळे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात. ते फायबरच्या मोठ्या योजनेला निरुपयोगी आहेत. नवा घेताना वायफाय ६, गिगाबिट पोर्ट आणि डब्ल्यूपीए३ सुरक्षा एवढे असले की घरगुती काम भागते. १ जीबीपीएसची योजना असेल तर २.५ जीबीपीएसचा पोर्ट असलेला राउटर विचारात घ्यावा. वायफाय ७ साठी जास्तीचे पैसे तेव्हाच द्यावेत जेव्हा घरातले फोन आणि लॅपटॉप ते समजतात.

आज कंपनीने दिलेल्या ओएनटीतच बहुधा राउटर आणि वायफाय अंतर्भूत असते. त्याला दुसरा राउटर जोडला की पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. साधे पाहणे-वाचणे चालते, पण गेम, कॅमेरे आणि कार्यालयाचे व्हीपीएन अडखळू शकते. यावर दोन मार्ग आहेत: कंपनीकडून ओएनटी ब्रिज मोडवर करून घ्यायचा आणि सारे काम नव्या राउटरवर सोपवायचे, किंवा नव्या राउटरला फक्त ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवायचे. दुसरा मार्ग सोपा आहे आणि बहुतेक घरांना तोच पुरतो. पहिला स्वीकारायचा तर कंपनीच्या जोडणीत शिरण्याचे, म्हणजे पीपीपीओईचे, वापरकर्ता नाव आणि पासवर्ड आधी लिहून घ्यावे. काही स्थानिक सेवादार जोडणी राउटरच्या मॅक पत्त्याशी बांधून ठेवतात; तिथे नवा राउटर लावण्याआधी त्यांना तो पत्ता कळवावा लागतो. घरचा दूरध्वनी ओएनटीच्या फोन पोर्टवर चालत असेल तर तो ब्रिज मोडनंतर चालेल का, हेही विचारून घ्यावे.

बाहेरगावाहून घरचे कॅमेरे पाहणाऱ्यांनी आणखी एक बाब तपासावी. राउटरच्या बाहेरच्या आयपी पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी होत असेल तर सेवादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतो आहे. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंग कितीही नीट केले तरी बाहेरून घरात शिरता येत नाही. उपाय म्हणजे आयपीव्ही६ वापरणे, कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सेवा घेणे किंवा सेवादाराकडून जास्तीचे पैसे भरून स्थिर पत्ता घेणे.

वायफाय

वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झ दूरवर जातो, पण मंद आणि गर्दीचा असतो. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतींनी लवकर अडतो. दोन अँटेना असलेला फोन २.४ वर, नेहमीच्या २० मेगाहर्ट्‌झ रुंदीत, वायफाय ४ ने कागदोपत्री १४४ एमबीपीएसने जोडला जातो. तोच ५ गिगाहर्ट्‌झवर ८० मेगाहर्ट्‌झच्या रुंदीत वायफाय ५ ने ८६६ आणि वायफाय ६ ने १२०१ एमबीपीएसने. प्रत्यक्ष हाती येतो तो याच्या निम्मा ते दोन तृतीयांश वेग, तोही त्याच खोलीत. मोठ्या योजनेचा लाभ वायफायवर हवा असेल तर ५ गिगाहर्ट्‌झला पर्याय नाही. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे विनापरवाना खुले झाल्यापासून इथे जागाही भरपूर आहे. मात्र यांतल्या मधल्या चॅनेलवर राउटरला रडारची चाहूल घेत राहावे लागते. विमानतळ किंवा बंदराजवळच्या घरात वायफाय अधूनमधून मिनिटभर नाहीसे होत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचा निवडावा. २.४ वर फक्त १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी. दाटीवाटीच्या इमारतीत ४० ची रुंदी लावणारा स्वतःचेही आणि शेजाऱ्याचेही नुकसान करतो.

भिंतीचा प्रकार वेगापेक्षा महत्त्वाचा आहे. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्‌झला एका खोलीतच रोखतात. विटांच्या पातळ भिंतीतून संकेत बऱ्यापैकी जातो. मुंबई-पुण्याच्या ज्या नव्या इमारती मायव्हान साच्यांनी बांधलेल्या आहेत, त्यांत आतल्या भिंतीही लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटच्या असतात, त्यामुळे छोट्या फ्लॅटमध्येही आतली खोली कोरडी राहते. आरसा, लोखंडी कपाट, फ्रीज आणि पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर ठेवू नये. टीव्हीच्या युनिटमध्ये दार लावून तो लपवणे तर सर्वांत वाईट. संकेतही अडतो आणि डबाही तापतो. छातीइतक्या किंवा त्याहून अधिक उंचीवर, मोकळ्यावर, घराच्या मध्याजवळ ही योग्य जागा.

एका राउटरने भागत नसेल तर दुसरा ॲक्सेस पॉइंट किंवा मेश लागते. स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मेशचे डबेही एकमेकांशी बिनतारी बोलत असतील तर असाच तोटा कमी-अधिक प्रमाणात होतो. ते लॅन केबलने जोडले की प्रत्येक डबा पूर्ण क्षमतेने चालतो. दुमजली बंगल्यात स्लॅबमधून वर गेलेली एक केबल तीन डब्यांच्या बिनतारी संचापेक्षा हमखास उजवी ठरते. जे उपकरण जागेवरून हलत नाही ते केबलवर घ्यावे, म्हणजे वायफाय फोन-लॅपटॉपसाठी मोकळे राहते. टीव्हीच्या बाबतीत थोडा अपवाद आहे: अनेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट अजूनही १०० एमबीपीएसचाच असतो. चित्रपटासाठी तेवढे पुष्कळ आहे, फक्त टीव्हीवर वेगचाचणी करून जोडणीला दोष देऊ नये.

नवा राउटर लावताना जुनेच वायफाय नाव आणि पासवर्ड ठेवले की घरातली सर्व उपकरणे आपोआप जोडली जातात. जुना पासवर्ड कमकुवत किंवा शेजाऱ्यांत फिरलेला असेल तर मात्र हीच तो बदलण्याची वेळ आहे. स्मार्ट प्लग, बल्ब, दारावरची घंटी यांतली बरीचशी उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ आणि डब्ल्यूपीए२ ओळखतात. त्यांच्यासाठी पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क उघडून तिथेच त्यांना ठेवले तर सोयही होते आणि सुरक्षाही वाढते. राउटरचा मूळ प्रशासकीय पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, डब्ल्यूपीएस बंद करावे आणि फर्मवेअर अद्ययावत करावी.

वीज

वीज गेली की ओएनटी बंद पडतो, आणि फायबरमधून वीज येत नाही. भारनियमनाच्या भागात १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस घ्यावा. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही त्यावर घ्यावे; एकालाच घेतल्याने काही साधत नाही. दोन्ही मिळून साधारण १० ते २० वॅट खातात. ॲडॉप्टरवर छापलेला व्होल्ट आणि पिनचा धन-ऋण क्रम यूपीएसशी तंतोतंत जुळला पाहिजे, अँपिअर मात्र लागतात त्याहून अधिक असले तर चालतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट लावल्यास तो जळू शकतो.

मोजणी आणि जुनी जोडणी

योजना बदलण्याआधी आणि नंतर एकाच पद्धतीने मोजमाप करावे. गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला जोडून, बाकी उपकरणे बंद ठेवून, सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास वेग पाहावा. इथे योजनेच्या जवळचा आकडा आला तर कंपनीचे काम चोख आहे आणि पुढची उणीव घरातली. इथेच तो कमी आला तर राउटर बदलण्यात अर्थ नाही. गिगाबिट जोडणीवर ९४० च्या आसपास आकडा येणे हे पूर्णच आहे. उरलेला भाग पॅकेटच्या वेष्टणात जातो. त्यानंतर राउटरमार्गे, त्यानंतर प्रत्येक खोलीत वायफायवर मोजावे. वेगाइतकाच विलंबही पाहावा: मोठी फाइल वर चढत असताना व्हिडिओ कॉल तुटत असेल तर राउटरच्या रांगेत पॅकेट साठत आहेत. स्मार्ट क्यू किंवा एसक्यूएम नावाची सोय असलेल्या राउटरमध्ये मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास लावली की हा त्रास बहुधा जातो. मात्र स्वस्त राउटरमध्ये ही सोय चालू केल्यावर प्रोसेसर दमतो आणि मोठ्या योजनांवर एकूण वेगच घसरतो, म्हणून ती लावून पुन्हा मोजावे.

केबलने घेतलेल्या मोजणीत वेग सतत कमी येत असेल तर तारीख, वेळ आणि आकड्यांसह कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्यावा. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार तिथे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क जाता येते, आणि डॉकेट क्रमांक तिथे लागतो.

सेवादार बदलायचा असेल तर जुनी जोडणी लगेच तोडू नये. नवी निदान आठवडाभर, रात्रीच्या गर्दीतही, नीट चालल्याचे पाहून मगच जुनी बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा. जुना ओएनटी आणि त्याचा ॲडॉप्टर बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो. तो परत देताना पावती घ्यावी, कारण अनामत रक्कम मागताना तीच दाखवावी लागते.